मौखिक इतिहासाची ध्वनिसाधने आणि लिमिटरचा प्रश्न : जात्यावरील ओव्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
मौखिक इतिहासात ध्वनिमुद्रण हे प्राथमिक साधन होय. दप्तरातील कागदाची चिकित्सा करताना आपण शाई, अक्षरवळण व शिक्का तपासतो; ध्वनिमुद्रण कसे झाले, हे मात्र क्वचितच विचारले जाते. प्रस्तुत लेखात जात्यावरील ओव्यांच्या अनुषंगाने या प्रश्नाचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
गी पॉइटवाँ व हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील १ लाख १० हजारांहून अधिक ओव्या शब्दबद्ध केल्या. बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रणही सिद्ध झाले. गेवराईला लागून असलेल्या माजलगावच्या भीमनगरात १९९६ मध्ये डॉ. आंबेडकरांविषयीच्या ओव्या मुद्रित झाल्या. आज गावोगावी पिठाच्या गिरण्या आहेत. त्यामुळे असे मुद्रण पुन्हा करणे बहुधा शक्य नाही.

तांत्रिक स्वरूप :
चुंबकीय फितीवर आवाज मर्यादेपलीकडे गेला, तर तो हळूहळू विकृत होतो. अंकीय मुद्रणात तशी सवलत नाही. १६ बिट पद्धतीत ६५,५३६ पातळ्या असतात. शून्य डेसिबल ही अंतिम मर्यादा ओलांडताच तरंगाचा माथा सपाट छाटला जातो. यालाच क्लिपिंग म्हणतात. छाटलेला भाग मुद्रणात नसतोच; नंतरची दुरुस्ती हा केवळ अंदाज ठरतो.

लिमिटर ठरावीक पातळीवरील शिखरे तत्क्षणी दाबतो. त्याचा वापर १९३० च्या दशकात नभोवाणी प्रक्षेपणात रूढ झाला. तथापि अंकीय यंत्रात तो रूपांतरणापूर्वी कार्य करीत असेल, तरच क्लिपिंग टळते. नंतरचा लिमिटर छाटलेल्या तरंगाचीच पातळी कमी करतो.

चिकित्सा :
ओवी गाताना पहिला स्वर अनेकदा उंच लागतो, मागे जात्याची घरघर चालू असते. लिमिटर सतत कार्यरत राहिल्यास कंठ व जाते यांतील अंतर कमी होते. स्वयंचलित पातळी-नियंत्रण तर बाई श्वास घेण्यास थांबली की घरघर वाढविते. ऐकणाऱ्यास श्रमाची लय बदलल्याचा भास होतो. म्हणजे क्लिपिंगमुळे साधनाचा नाश, तर अतिनियंत्रणामुळे साधनाचे संपादन होते. दुसरा दोष कानाला खटकत नाही, म्हणून तो अधिक फसवा आहे.

यास्तव २४ बिट मुद्रण करून सर्वोच्च शिखरे उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवावीत आणि लिमिटर केवळ आकस्मिक उंच स्वरासाठी राखावा. २०१९ पासून उपलब्ध झालेल्या ३२ बिट फ्लोट क्षेत्र-मुद्रकांनी ही चिंता पुष्कळ कमी केली आहे. परंतु मायक्रोफोनच अतिभारित झाल्यास तेही निरुपयोगी ठरतात.

निष्कर्ष :
बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची गीते व कथने विद्यार्थ्यांकडून मुद्रित करून घेताना गाव व दिनांकाबरोबरच यंत्र, बिट, पातळी व लिमिटरची स्थिती यांचीही नोंद ठेवावी. मूळ मुद्रण कोणतीही प्रक्रिया न करता जतन करावे. ज्यांचा लेखी पुरावा अत्यल्प आहे, त्यांचा आवाज हाच त्यांचा दस्तऐवज होय. त्याची चिकित्सा मुद्रणाच्या क्षणापासूनच सुरू झाली पाहिजे.