तळटीप १४ : पुरानंतरची रेती

१४. करडी परिसरातल्या वैनगंगेच्या पात्राला लेखकाने येथे ‘आमची चौपाटी’ म्हटले आहे. साम्य आहे, पण चक्र उलटे. कोकणात पावसाळी लाटा पुळणीवरची वाळू ओढून किनाऱ्यालगतच्या पाण्यात नेतात. पाऊस सरला की शांत लाटा त्यातली बरीचशी पुन्हा काठावर आणून घालतात. वैनगंगेत पूरच रेती आणतो, आणि पुढे गेलेली रेती मागे फिरत नाही. पूर भरात असताना जाड खडा तळाशी सरकत येतो, ओसरताना त्यावर बारीक रेती, शेवटी गाळाची पातळ साय बसते. दिवाळीनंतर उघड्या पडलेल्या पात्रात हातभर खणले की प्रवाहाच्या दिशेने कललेले हे थर स्वच्छ दिसतात. याच रेतीत ढिवर कुटुंबे डांगरवाड्या लावत आली आहेत. पावसाळ्यात रेती उपशाला बंदी असते, ती योग्यच. पण उरलेले आठ महिने ट्रॅक्टर-टिप्परने उपसलेली रेती एका पुरात भरून येईल असे मानणे घातक आहे. नदी उगम पावते त्या शिवनी जिल्ह्यातच भीमगड धरण आहे, आणि वरून येणारी बरीच रेती तिथेच अडते.