रत्नागिरीच्या वेशीवरचा दुर्लक्षित किनारा

बिद्री (ता. कागल) - दूधगंगा-वेदगंगा खोऱ्यातील गावांतून रत्नागिरीची वाट धरणारी वाहने आंबा घाट उतरून हातखंब्यापर्यंत येतात आणि बहुधा निवळीमार्गे थेट गणपतीपुळ्याला जातात. ज्या रस्त्याने ती येतात, त्याचे नाव मिऱ्या-नागपूर महामार्ग. चौपदरीकरणामुळे हे नाव आता कोल्हापूरकरांच्या तोंडी बसले आहे. मात्र हे मिऱ्या कोठे आहे, असे विचारल्यास उत्तर देणारे थोडेच आढळतील.

मिऱ्या हे रत्नागिरी शहराच्या उत्तर वेशीवरील बंदर आणि डोंगर. शहराच्या दक्षिणेस, काजळी नदीच्या मुखापलीकडे भाट्ये. या दोन टोकांमधील किनारा एका दिवसात सहज पाहून होतो.

भाट्ये येथे सुरूचे बन आणि लांबलचक पुळण आहे. कोकण कृषी विद्यापीठाचे नारळ संशोधन केंद्रही येथेच असून ते १९५५ पासून कार्यरत आहे. ही खाडी उंचावरून पाहावयाची असल्यास थिबा पॉइंट गाठावा. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याला ब्रिटिशांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवले. जवळचा राजवाडा त्याच्यासाठी १९१० मध्ये बांधून झाला आणि १९१६ मध्ये तेथेच त्याचा अंत झाला.

मांडवीला लागून रत्नदुर्गाचे भूशिर समुद्रात शिरले आहे. त्याच्या एका अंगास काळा समुद्र, दुसऱ्या अंगास पांढरा समुद्र. पाण्याचा रंग वेगळा आहे असे नव्हे. ही नावे वाळूवरून पडली आहेत. मांडवीकडील वाळूत काळसर जड खनिजे अधिक आहेत. बालेकिल्ल्यातील भगवतीचे मंदिर आणि दीपगृह पाहून पर्यटक परततात. किल्ल्याच्या पायथ्याशी मिरकरवाडा हे मोठे मासेमारी बंदर आहे. तेथे नौका परतण्याची वेळ साधावी. मासळीच्या वासाची सवय नसलेल्यांनी मात्र आधीच विचार केलेला बरा.

पांढऱ्या समुद्रापासून मुरुगवाडा, पंधरामाड, अलावा, जाकीमिऱ्या अशी वस्ती मिऱ्या डोंगरापर्यंत पसरली आहे. ही सखल पट्टी पश्चिमेच्या खुल्या समुद्राला थेट सामोरी आहे. पावसाळ्यात, विशेषतः अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, लाटा येथे किनारा कापून नेतात. माडांच्या बागा आणि जमिनी समुद्राने गिळल्याचे ज्येष्ठ ग्रामस्थ पाहत आले आहेत. दगडी बंधारा घालावा, लाटांनी त्याखालील वाळू ओढून न्यावी, दगड खचावेत आणि पुन्हा भर टाकावी, असा क्रम येथे वर्षानुवर्षे चालला. पुढे टेट्रापॉड, म्हणजे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे, वापरून नव्या बंधाऱ्याचे काम हाती घेण्यात आले. बंधाऱ्याने घरे वाचतात हे खरे. परंतु त्यामुळे पुळणीवर उतरण्याची वाट अडते आणि लाटांचा जोर बंधारा संपतो त्या टोकाशी वाढतो. गावाला निवड करण्यास फारसा वावच नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात 'बसरा स्टार' हे जहाज भरकटत येऊन याच किनाऱ्यावर बंधाऱ्याला धडकले. खलाशांची सुटका झाली, जहाज मात्र पुढे कित्येक पावसाळे तेथेच रुतून राहिले. ते पाहण्यास गर्दी लोटली. त्या गर्दीपैकी किती जणांनी शेजारच्या खचलेल्या बंधाऱ्याकडे पाहिले असेल, हा प्रश्नच आहे.

कोल्हापूर ते रत्नागिरी हे अंतर सुमारे १३० किलोमीटर असून एसटीच्या गाड्या नियमित आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. बंधाऱ्याच्या दगडांवर शेवाळ असते. भरतीच्या वेळी त्यावर उतरू नये.