मोटारीची खटखट

मे महिन्यांतील नागपूर. जुन्या विलायती बनावटीची एखादी मोटार जबलपूरच्या वाटेला लागते. सपाटीवर ती निमूट चालते. परंतु सिवनीच्या अलीकडे कुरईचा घाट सुरू झाला, कीं इंजिनांतून खटखट ऐकूं येते. जणू कोणी आंत बसून हातोडीनें ठोके घालीत आहे! चढ संपला, कीं आवाज नाहींसा. मिस्त्री लांब पेचकसाचें टोंक इंजिनाला व मूठ कानाला लावून ऐकतो. बेअरिंग झिजलें असतें, तर सपाटीवरही त्याची चाहूल लागली असती. मग तो ठिणगी किंचित् उशिरां पडेल अशी योजना करतो. खटखट थांबते, मात्र गाडीचा जोरही घटतो.

या आवाजाचा खरा शोध अमेरिकेंतील डेटन शहरीं लागला. चार्ल्स केटरिंग यानें १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीला विजेनें सुरू होण्याची सोय करून दिली होती. पुढें मोटारी खटखटूं लागल्या, तेव्हां दोष त्याच्या विजेच्या ठिणगीवर आला. त्यानें १९१६ सालीं हें काम टॉमस मिजली या तरुणाकडे सोंपविलें. मिजली यंत्रविद्येचा पदवीधर. रसायनशास्त्र त्याला कामापुरतेंच ठाऊक. त्यानें सिलिंडरमधील दाब क्षणोक्षणीं टिपण्याची युक्ति काढली व ठिणगी निर्दोष ठरविली. ठोका ठिणगीच्या आधीं पडत नव्हता; ज्योत पेटून पुढें सरकूं लागल्यावर पडत होता. ज्योतीच्या पुढचें, अद्याप न जळलेलें मिश्रण दाबानें व उष्णतेनें एकाएकीं भडकतें, असा उलगडा इंग्लंडांत हॅरी रिकार्डो यानेंही केला. म्हणजे अपराधी लोखंड नव्हे, इंधन होतें! तापलेल्या दिवशीं व चढावर आवाज कां वाढतो, हेंही यावरून कळतें.

पुढची हकीकत मोठी गमतीची आहे. बर्फाखालीं लवकर फुलणाऱ्या एका रानवेलीच्या पानांची खालची बाजू लाल असते. लाल रंग उष्णता लवकर शोषतो, तर लाल इंधनही लवकर वाफ होईल, असा केटरिंगचा तर्क. तेलांत विरघळणारा रंग हातीं नव्हता, म्हणून मिजलीनें आयोडीन घातलें. खटखट थांबली. इतर लाल रंगांनीं मात्र कांहींच झालें नाहीं. तर्क चुकीचा होता, पण वाट खरी निघाली. अॅनिलीन झालें, लसणीसारख्या दुर्गंधीचें टेल्युरियम झालें, आणि ९ डिसेंबर १९२१ रोजीं शिशाचें एक संयुग सांपडलें. हजार-बाराशें भाग पेट्रोलला त्याचा एक भाग पुरे.

मद्यार्कानेंही खटखट थांबते, हें मिजलीला ठाऊक होतें. परंतु तो पुष्कळ लागतो, आणि त्यावर कोणा एकाची मालकी चालत नाहीं. शिशाचें संयुग थोडें लागे व त्याचें पेटंट घेतां येई. १९२३ सालीं तें ‘एथिल’ नांवानें विक्रीस आलें; शिशाचें नांव जाहिरातींत नव्हतें. शिसें विषारी आहे हें कोणाला नवें होतें? खुद्द मिजलीला त्याची बाधा झाली होती. ऑक्टोबर १९२४ मध्यें न्यू जर्सींतील एका कारखान्यांत त्या संयुगाच्या बाधेनें पांच कामगार दगावले. कांहीं काळ विक्री थांबली, व १९२६ सालीं पुन्हां सुरू झाली. इंजिनाचा आवाज मिटला. विष मात्र धुरांतून रस्त्यावरच्या मुलांपर्यंत निःशब्द पोंचलें.

नागपुरांत १९५८ सालीं सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची जी मध्यवर्ती संशोधन संस्था निघाली व १९७४ पासून जी ‘नीरी’ म्हणून ओळखली जाते, तिनें १९७८ पासून देशांतील शहरांची हवा मोजावयास आरंभ केला. शिसें पेट्रोलमधून जावयास त्यानंतरही बावीस वर्षें लागलीं. १ फेब्रुवारी २००० पासून तें देशभर बंद झालें. शेवटचा देश अल्जीरिया. तेथील सांठा जुलै २०२१ मध्यें संपला.

जुन्या मोटारींच्या मालकांपुढें मग नवाच प्रश्न उभा राहिला. त्या इंजिनांत शिशाचा पातळ थर झडपांच्या बैठकीला झिजेपासून वांचवीत असे; तो गेला, म्हणून कठीण धातूच्या बैठकी बसविणें आलें. आज पंपावरील पेट्रोलांत शेंकडा २० पर्यंत इथेनॉल, म्हणजे मिजलीनें मागें टाकलेला मद्यार्कच, असतो. कुरईच्या घाटांत खटखट त्यानें कमी होते. परंतु जुन्या गाडीच्या रबरी नळ्या व बुचाचीं वेष्टनें त्यानें खराब होतात, तीं आधीं बदलून घ्यावीं लागतात.