उष्ण रंग, शीत रंग: दुकानात आवडलेला रंग घरी वेगळा का दिसतो?

लाल, नारिंगी, पिवळा हे उष्ण रंग. निळा, हिरवा, जांभळा हे शीत रंग. शाळेत चित्रकलेच्या तासाला रंगचक्र काढताना बहुतेकांनी एवढे शिकलेले असते. पहिला गट ऊन आणि विस्तवाची आठवण करून देतो, दुसरा पाणी आणि सावलीची, म्हणून ही नावे. ढोबळ ओळखीपुरते ते ठीक आहे. पण तेवढ्याच भरवशावर अख्ख्या हॉलचा रंग ठरवला किंवा साडीवर ब्लाउजपीस घेतला, की फसगत होऊ शकते. रंग उबदार दिसणार की थंड, हे त्याच्या शेजारी काय आहे आणि त्यावर कोणता उजेड पडतो आहे, यावरही ठरते.

झाक ओळखा

मराठीतली रंगांची जुनी नावे इथे फार उपयोगी पडतात. लिंबू आणि हळदी, दोन्ही पिवळेच. पण लिंबू रंगात किंचित हिरवट झाक असते, म्हणून तो थंड वाटतो. हळदी रंग नारिंगीकडे झुकतो, म्हणून उबदार. शेंदरी लाल उष्ण, तर राणी रंगात निळ्याचा अंश, म्हणून त्या मानाने शीत. पोपटीत पिवळा जास्त, मोरपंखीत निळा. पांढराही यातून सुटत नाही. मोतिया रंगाचे कापड आणि नीळ दिलेला पांढरा सदरा शेजारी ठेवून पाहा.

छटा जुळवताना रंगाच्या नावापेक्षा ही झाक महत्त्वाची. हळदी, केशरी आणि विटकरी एकत्र सुखाने नांदतात, कारण तिघांत पिवळ्याचा अंश आहे. याउलट रंगचक्रात समोरासमोर येणाऱ्या जोड्या असतात: लाल-हिरवा, निळा-नारिंगी, पिवळा-जांभळा. शेजारी ठेवले तर हे रंग एकमेकांना खुलवतात. हिरव्या साडीला लाल काठ उठून दिसतो तो यामुळेच. मात्र तिथे अंग मोठे आणि काठ लहान असतो. दोन्ही भडक रंग निम्मे-निम्मे वापरले तर डोळ्यांना त्रास होतो. आणि हेच दोन रंग एकत्र कालवले तर एकमेकांना मारतात, हाती मळकट तपकिरी उरतो. चित्रकार भडक रंग थोडा उतरवायचा असेल तर त्यात चिमूटभर विरोधी रंग घालतात, ते याच कारणाने.

काळ्या धाग्याची तक्रार

शेजारचा रंग किती फसवू शकतो, याचे गाजलेले उदाहरण पॅरिसमधले आहे. तिथल्या गोबेलँ कारखान्यात भिंतीवर लावायचे चित्रपट विणले जात. 1824 मध्ये रसायनशास्त्रज्ञ मिशेल युजेन शेव्रल तिथल्या रंगाई विभागाचे प्रमुख झाले. निळ्या-जांभळ्या भागांत वापरलेला काळा धागा निस्तेज दिसतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी इतर ठिकाणची काळी लोकर मागवून तुलना केली. गोबेलँची लोकर कुठेच कमी पडत नव्हती. दोष शेजाऱ्याचा होता: निळ्याजवळ ठेवलेल्या काळ्यावर डोळ्याला निळ्याच्या विरोधी रंगाची, म्हणजे नारिंगीची हलकी झाक दिसते आणि काळा विटल्यासारखा वाटतो. या निरीक्षणांवरचा त्यांचा ग्रंथ 1839 मध्ये आला आणि पुढे फ्रान्समधल्या चित्रकारांनी तो मनापासून वाचला.

राखाडी रंगाचे दोन सारखे तुकडे घेऊन एक केशरी कागदावर आणि दुसरा निळ्या कागदावर ठेवा. पहिला निळसर भासेल, दुसरा किंचित उबदार. ‘ग्रे’ भिंत घरी निळी का दिसते, याचे उत्तर पुष्कळदा समोरच्या सागवानी कपाटात किंवा विटकरी फरशीत असते.

दिव्याचा हात

बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. 2700 म्हणजे पिवळसर ‘वॉर्म’ उजेड, 6500 म्हणजे निळसर ‘कूल’. गंमत अशी की विज्ञानात हे उलटे आहे: धातू तापवत नेला तर आधी लाल, मग पिवळा होतो, आणि निळसर चमकणारे तारे लाल ताऱ्यांपेक्षा जास्त तापलेले असतात. ‘उष्ण’ आणि ‘शीत’ ही नावे माणसाच्या भावनेतून आली आहेत, तापमापकातून नाही.

पिवळ्या दिव्याखाली हळदी-केशरी खुलतात आणि निळे मलूल होतात. पांढऱ्या दिव्याखाली उलट. म्हणूनच अनुभवी गिऱ्हाईक साडी दुकानाच्या दारात नेऊन दिवसाच्या उजेडात पाहते. 2015 मध्ये एका ड्रेसच्या फोटोवरून जगभर वाद झाला, त्यामागेही उजेडच होता. ड्रेस निळा-काळा होता, पण अनेकांना तो पांढरा-सोनेरी दिसला. ड्रेस निळसर सावलीत आहे असे ज्यांच्या मेंदूने धरले, त्यांनी निळा वजा केला. पिवळा दिवा धरणाऱ्यांनी पिवळा वजा केला.

फोनच्या पडद्यावर पाहून मागवलेला कुर्ता वेगळाच निघतो, त्यात रात्री पडदा पिवळसर करणाऱ्या सेटिंगचाही वाटा असतो. खरेदीआधी ते बंद करावे. घराच्या रंगासाठी शेड कार्डावरचा बोटभर चौकोन पुरत नाही. छोटा डबा आणून भिंतीवर दोन-तीन फुटांचा पट्टा मारावा, तोही कपाट किंवा सोफ्याशेजारी. मग तो सकाळी एकदा आणि रात्री दिवे लावून एकदा पाहावा.