उपनगरांतील विजेच्या तारा आणि कामगारांची भरपाई

५ जानेवारी १९२८ रोजी मुंबईत बोरिवलीपर्यंत विजेची लोकल धावू लागली आणि रुळांवर १५०० व्होल्टची उघडी तार आली. तिच्याखाली राबणाऱ्यांसाठी १९२३चा कामगार नुकसानभरपाई कायदा तोवर लागू झाला होता. कामावर असताना कामामुळे अपघात झाला, तर मालकाची चूक सिद्ध न करताही भरपाई मिळू लागली. कलम १२ने ठेकेदाराच्या मजुराची जबाबदारी मूळ मालकावरही टाकली. तारेखाली शिडी धरणाऱ्या कंत्राटी मजुराला हा मोठाच आधार ठरला. पुढे कामाच्या जागेबाहेर पडलेल्या तारेबाबतही चूक सिद्ध करण्याची गरज उरली नाही: २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने शैलकुमारी खटल्यात वीज मंडळाला जबाबदार धरले. कारखान्यातून सायकलने परतणारा कामगार रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेने दगावला होता. तार दुसऱ्याच्या चुकीने पडली, ही सबब न्यायालयाने अमान्य केली.