चौदा दिवसांचा हिशेब

१९७८ साली अमेरिकेतल्या जे. वेल्स वाइल्डर यांचं ‘न्यू कन्सेप्ट्स इन टेक्निकल ट्रेडिंग सिस्टिम्स’ हे पुस्तक आलं. वाइल्डर मूळचे मेकॅनिकल इंजिनिअर. आज कुठलंही चार्टिंग सॉफ्टवेअर उघडलं की आरएसआय, एडीएक्स, एटीआर आणि पॅराबोलिक एसएआर ही भावाची चाल मोजणाऱ्या निर्देशकांची नावं समोर येतात. ती चारही या एकाच पुस्तकातली. पुस्तकात सूत्रांच्या जोडीला रोजचे आकडे भरायचे तक्तेही होते. वाचकाकडे संगणक असेल असं लेखकाने धरलंच नव्हतं.

हाताने हिशेब करणाऱ्याची सोय त्या सूत्रांतच दिसते. आरएसआयला १४ दिवसांतल्या भाववाढीची आणि घसरणीची सरासरी लागते. साधी सरासरी काढायची तर चौदाही आकडे जपून ठेवा, रोज जुना काढा, नवा घाला. वाइल्डर यांनी ती दगदग वाचवली: कालच्या सरासरीला १३ ने गुणा, आजची वाढ मिळवा, १४ ने भागा. कालची सरासरी ५ रुपये असेल आणि आज भाव १२ रुपयांनी चढला असेल, तर ६५ अधिक १२ म्हणजे ७७, भागिले १४, उत्तर साडेपाच. घसरणीचंही असंच. मग वाढीच्या सरासरीला दोन्हींच्या बेरजेने भागून शंभराने गुणायचं. उत्तर ७० च्या वर गेलं तर खरेदीचा अतिरेक, ३० च्या खाली आलं तर विक्रीचा.

या रीतीत जुना आकडा पुरता कधीच पुसला जात नाही, त्याचा अंश उरतो. त्यामुळे एकाच शेअरचा त्याच दिवसाचा आरएसआय दोन सॉफ्टवेअरमध्ये थोडा वेगळा दिसू शकतो. एकाने हिशेब दोन वर्षांमागून सुरू केलेला असतो, दुसऱ्याने दोन महिन्यांमागून. नवख्याला तो बिघाड वाटतो.

मायामीत क्रूझ बंधूंनी १९८२ मध्ये ओमेगा रिसर्च ही कंपनी काढली आणि १९९१ मध्ये तिचं ट्रेडस्टेशन हे सॉफ्टवेअर बाजारात आलं. त्यातल्या ईझीलँग्वेज या भाषेत साध्या इंग्रजीच्या जवळ जाणारी वाक्यं लिहून आपला नियम मांडता येई आणि जुन्या भावांवर चालवून पाहता येई. इथे मोठा फरक पडला. चौदाऐवजी अकरा, सतरा, तेवीस असे वाटेल तेवढे आकडे घालून बघणं काही मिनिटांचं काम झालं. एवढे आकडे घातल्यावर त्यातला एखादा मागच्या भावांशी चपखल बसणारच. तो पुढेही चालेल असं मानून आजवर असंख्य लोकांनी पैसा घातला आहे, आणि या साधनाचा सगळ्यात घातक वापर हाच आहे.

मुंबईत तेव्हा दलाल स्ट्रीटवरच्या रिंगमध्ये ओरडून, हातवारे करून सौदे होत. चार्ट काढणाऱ्याला वर्तमानपत्रातला बंद भाव आलेख कागदावर उतरवावा लागे. राष्ट्रीय शेअर बाजाराने नोव्हेंबर १९९४ मध्ये पडद्यावर शेअरचे सौदे सुरू केले, मुंबई शेअर बाजाराची ‘बोल्ट’ प्रणाली मार्च १९९५ मध्ये आली. मग प्रत्येक सौद्याचा भाव आणि वेळ यंत्रात नोंदली जाऊ लागली. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिने एप्रिल २००८ मध्ये संस्थात्मक गुंतवणूकदारांना बाजारात थेट ऑर्डर टाकण्याची परवानगी दिली आणि अल्गोची, म्हणजे ठरलेल्या नियमाने आपोआप सौदे करणाऱ्या प्रोग्रॅमची, वाट मोकळी झाली.

त्या वाटेवर कोण पुढे गेलं? सेबीच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअरच्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. २०२३-२४ मध्ये परदेशी संस्थांच्या नफ्यातला ९७ टक्के वाटा मात्र अल्गोने कमावलेला होता. तरी छोट्या ट्रेडरला तयार अल्गो विकण्याचा धंदा जोरात आहे. फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकात सेबीने त्यावर बंधनं घातली: ज्या अल्गोचा नियम ग्राहकाला दाखवला जात नाही, तो देणाऱ्याने रिसर्च अ‍ॅनालिस्ट म्हणून नोंदणी केलीच पाहिजे. असा अल्गो कुणी गळ्यात मारू लागला, तर आधी त्याचा नोंदणी क्रमांक मागा आणि सेबीच्या यादीत तपासून घ्या.