थ्रॉटलवरचा काळा थर कुठून आला?

मोटारीच्या एअर फिल्टरची पेटी उघडावी, तिच्यापासून इंजिनाकडे जाणारी जाड रबरी नळी सोडवावी, म्हणजे आत एक गोल चकती दिसते. साधारण लहान वाटीच्या तोंडाएवढी. मधोमध आडवा दांडा, आणि त्याच्याभोवती ती फिरते. ही थ्रॉटलची झडप. पन्नास-साठ हजार किलोमीटर चाललेल्या गाडीत या चकतीच्या काठावर आणि आसपासच्या भिंतीवर काळा थर बसलेला असतो. बहुतेक जण म्हणतात, धूळ बसली.

पण ही जागा फिल्टरच्या पुढची आहे. इथे येणारी हवा गाळून आलेली असते. शिवाय तो थर बोटाला लावून चोळून पाहा. धुळीसारखा खरखरत नाही. चिकट लागतो आणि जळक्या तेलाचा वास येतो. म्हणजे तो बाहेरून नव्हे, इंजिनाच्या पोटातून आलेला आहे. आणि त्याने तिथे यावं, रस्त्यावर जाऊ नये, यासाठी एकेकाळी कायदा करावा लागला होता.

आधी या झडपेबद्दल थोडं. थ्रॉटल म्हणजे घसा. गळा आवळणे या अर्थानेही हा शब्द वापरतात. जेम्स वॅटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा नियंत्रक बसवला, तोही अशीच झडप उघड-मीट करून वाफ कमी-जास्त करत असे. पेट्रोलच्या इंजिनात हे काम हवेवर होतं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पेट्रोल जास्त जातं, असं आपण मुलांना सहज सांगून जातो. खरं तर पाय दाबल्यावर उघडते ती हवेची वाट. पेट्रोल हवेच्या मागोमाग, तिच्या प्रमाणात येतं. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला जवळजवळ पंधरा किलो हवा लागते. हिशेब वर्गात करून घेण्यासारखा आहे : एक लिटर पेट्रोलचं वजन सुमारे पाऊण किलो, म्हणजे त्याला हवा लागते अकरा किलोच्या आसपास, आणि तिचं आकारमान होतं नऊ हजार लिटरहून थोडं अधिक. सहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि तीन मीटर उंच वर्गातली सगळी हवा दहा लिटर पेट्रोलमध्ये संपते!

हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण करण्यासाठी फवारा उडवणारा कार्बोरेटर आला तो १८९३ च्या सुमारास. जर्मनीत विल्हेल्म मायबाख आणि हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका यांनी तो स्वतंत्रपणे बनवला. अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो आणि बारीक छिद्रातून पेट्रोल ओढलं जाऊन त्याचे तुषार होतात. यातली एक गोष्ट लक्षात ठेवू या. हा फवारा थ्रॉटलच्या चकतीच्या अलीकडे उडत असे, म्हणजे पेट्रोल चकतीवरून वाहत पुढे जाई. तिच्यामुळे चकती आपोआप धुतली जात होती, हे त्या काळी कुणाच्या ध्यानात यायचं कारणच नव्हतं. रस्त्यावरच्या धुळीसाठी फिल्टर आले : आधी तेलाच्या भांड्यावरून हवा नेणारे, पुढे घड्या घातलेल्या कागदाचे. पहिल्या प्रकारचा फिल्टर आपल्याकडच्या जुन्या ट्रॅक्टरवर अनेकांनी पाहिला असेल.

आता इंजिनाच्या पोटाकडे वळू. पिस्टनला कितीही चांगल्या रिंगा बसवल्या तरी स्फोटाच्या वेळी थोडा वायू त्यांच्या फटीतून खाली, तेल भरलेल्या क्रँककेसमध्ये निसटतोच. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते. तो कोंडून ठेवला तर तेल खराब होतं आणि दाब वाढून सांध्यांतून तेल गळू लागतं. यावर जुना उपाय अगदी सरळ होता. क्रँककेसमधून एक नळी काढून गाडीखाली उघडी सोडायची. गाडी धावू लागली की नळीच्या तोंडाशी हवेचा दाब कमी होई आणि वायू ओढले जात. रस्त्याच्या प्रत्येक पट्ट्यात मधोमध तेलाचा काळा पट्टा पडे. इंजिन स्वच्छ राही, घाण रस्त्यावर आणि हवेत. अर्धशतकाच्या आसपास यात कुणाला फारसं वावगं वाटलं नाही.

मग जुलै १९४३ मध्ये अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरावर दाट धुरकं उतरलं. डोळे चुरचुरू लागले, घसे खवखवू लागले. युद्ध चालू होतं, त्यामुळे जपान्यांनी विषारी वायू सोडला अशी शंकाही आली. नंतर कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन बनवणाऱ्या एका कारखान्यावर बोट ठेवलं गेलं. पण तो बंद ठेवला तरी धुरकं येतच राहिलं.

याचं कोडं सोडवलं ते अननसाच्या वासाचा अभ्यास करणाऱ्या माणसाने. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले आरी हागेन-श्मिट हे मूळचे नेदरलँड्सचे जीवरसायनशास्त्रज्ञ. वासाची द्रव्यं पकडायला ते थंड नळ्या वापरत. त्याच नळ्यांतून त्यांनी शहरातली हवा नेली आणि उग्र वासाच्या तपकिरी द्रवाचे काही थेंब मिळवले. पुढे त्यांनी दाखवलं, की पेट्रोलमधून उडालेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर सूर्यप्रकाश पडला की ओझोन तयार होतो. त्या शहरात टायर लवकर चिरतात अशी तक्रार होती. त्यांनी तिचाच उपयोग केला : ताणून वाकवलेल्या रबराच्या पट्टीला चिरा पडायला किती वेळ लागतो, यावरून हवेतल्या ओझोनचा अंदाज! महागडं उपकरण नसताना मोजमाप कसं करावं, याचं याहून चांगलं उदाहरण आम्हाला पटकन आठवत नाही. तेल कंपन्यांच्या पैशावर काम करणाऱ्या संशोधकांनी त्यांच्या निष्कर्षांवर शंका घेतल्या. त्यांना उत्तर देण्यासाठी हागेन-श्मिट अननस सोडून धुरक्याच्याच मागे लागले.

दोष गाडीवर आला, तेव्हा नजर शेपटीच्या धुरांड्याकडे गेली. पण गाडीतून बाहेर पडणाऱ्या हायड्रोकार्बनपैकी साधारण पाचवा हिस्सा त्या पोटाखालच्या उघड्या नळीतून जात होता, आणि तो थांबवणं सगळ्यांत स्वस्त होतं. नळी बाहेर सोडण्याऐवजी इंजिनाच्या हवेच्या वाटेला जोडायची, मध्ये एक छोटी झडप ठेवायची. इंजिन आपलेच वायू ओढून पुन्हा जाळतं. कॅलिफोर्नियात १९६१ च्या गाड्यांवर ही झडप दिसू लागली आणि १९६३ पासून तिथे ती सक्तीची झाली. तरी ताज्या हवेसाठी ठेवलेल्या दुसऱ्या तोंडातून, इंजिनावर भार आला की, वायू उलटे बाहेर येत. म्हणून तेही तोंड फिल्टरच्या बाजूला जोडलं गेलं. १९६८ च्या गाड्यांपासून अमेरिकेत क्रँककेसमधून बाहेर काहीही सोडायचं नाही असा नियम आला.

आपला काळा थर इथे सुरू होतो. तेलाची वाफ आता चकतीच्या पुढूनही येते आणि मागूनही. इंजिन बंद केल्यावर आतली गरम वाफ वर चढते, चकतीच्या गार धातूवर बसते आणि काजळीला धरून ठेवते. तरीही कार्बोरेटर होता तोवर पेट्रोल तिला धूत होतं. पुढे धूर स्वच्छ करणारे उत्प्रेरक आले. त्यांना हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण फार काटेकोर लागतं, ते कार्बोरेटरला जमेना. बॉशची इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन पद्धत फोक्सवॅगनच्या गाडीत १९६७ मध्ये आली होती. हळूहळू तिने कार्बोरेटरला हटवलं. भारतात २००० मध्ये उत्सर्जनाचे कडक नियम लागू झाले, त्या सुमारास मारुती ८०० सारख्या गाड्यांचे कार्बोरेटर गेले. नव्या पद्धतीत पेट्रोल थेट सिलिंडरच्या झडपेजवळ उडतं. थ्रॉटलवरून जाते ती फक्त कोरडी हवा, आणि थर साचत जातो.

साचल्याने बिघडतं काय? गाडी सिग्नलला उभी असताना चकती जवळजवळ मिटलेली असते. केसाएवढ्या फटीतून येणाऱ्या हवेवर इंजिन तग धरतं. ती फट काजळीने बुजली की इंजिन थरथरतं, कधी बंद पडतं. घरी सफाई करता येते, मात्र इंजिन गार हवं, जागा मोकळी हवी, आसपास विस्तव नको. थ्रॉटलसाठीचं द्रावण कापडावर घेऊन पुसावं, काठ जुन्या टूथब्रशने हलके घासावा. काही चकत्यांवर कारखान्यातच खास लेप दिलेला असतो, तो खरवडू नये. चकती मोटरने फिरणारी असेल तर किल्ली बंद ठेवावी आणि बोटाने ढकलू नये. सफाईनंतर इंजिनाला आपली जुनी सवय बदलायला थोडा वेळ लागतो. हवा मोजणाऱ्या बारीक तारेवर हे द्रावण मुळीच उडू देऊ नये. आणि फडक्यावर आलेलं ते काळं, पूर्वी रस्त्यावर सांडायचं तेच हे.

म्हणून एक गोष्ट आम्हाला खटकते. थर पुन्हा बसू नये म्हणून काही जण ती नळी काढून गाडीखाली मोकळी सोडतात. चकती लखलखीत राहते खरी, पण हा तोच १९६१ पूर्वीचा उपाय झाला.

१९९६ मध्ये मित्सुबिशीने जपानमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत फवारणारी गाडी आणली. अशा इंजिनात आता आत घेण्याच्या झडपाही कोरड्या राहू लागल्या आणि तीच काजळी त्यांच्या पाठीवर साचू लागली. तिथे टूथब्रश पोचत नाही. गॅरेजमध्ये अक्रोडाच्या कवचाची भुकटी जोराने फुंकून ती झाडतात. टोयोटाने २००५ च्या सुमारास एका इंजिनात दोन फवारे बसवले, एक सिलिंडरच्या आत आणि दुसरा पूर्वीसारखाच झडपेच्या बाहेर. त्यामुळे झडपा पुन्हा पेट्रोलने धुतल्या जाऊ लागल्या.